इंद्रधनुष्याची पदच्युती

पावसाळ्याचे चार महिने अलोऱ्यात काढणाऱ्या माणसाला नकाशा वाचता येणे भाग आहे. डोक्यावर कुंभार्लीचा घाट, घाटमाथ्यापलीकडे कोयनेचा जलाशय, पोफळीच्या डोंगराच्या पोटात वीजगृहे, हाकेच्या अंतरावर कोळकेवाडीचे धरण, आणि या सर्वांच्या हातून सुटलेले पाणी घेऊन चिपळुणाकडे धावणारी वाशिष्ठी! अशा ठिकाणी नुसते आकाशाकडे पाहून अंदाज बांधण्याचे दिवस गेले. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हापासून तर या खोऱ्यातला मनुष्य सकाळच्या चहाआधी हातातल्या मोबाइलवर पावसाचा नकाशा उघडतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा लाल, हे चिपळुणात ज्याचे घर किंवा दुकान आहे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. रंग हा आमच्याकडे शोभेचा विषय राहिलेला नाही.

प्रकल्पातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी एका पावसाळ्यात मोबाइल हातात घेऊन आमच्या ओटीवर आले आणि म्हणाले, "अहो, हे पिवळं म्हणजे बरं की वाईट?" त्यांनी दोन नकाशे पाहिले होते. दोन्ही भारतीय हवामान विभागाचेच. पहिला इशाऱ्यांचा. त्यात हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत रहा आणि लाल म्हणजे हालचाल करा. दुसरा नकाशा जिल्हावार पावसाच्या हिशोबाचा. त्यात सरासरीच्या आसपासचा, म्हणजे एकोणीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असलेला पाऊस हिरवा. त्याहून अधिक तो निळा. वीस ते एकोणसाठ टक्के तूट पडली तर जिल्हा लाल. आणि तूट साठ टक्क्यांच्या वर गेली तर जिल्हा पिवळा. म्हणजे एका नकाशात पिवळ्यापेक्षा लाल भयंकर, तर दुसऱ्यात लालापेक्षा पिवळा भयंकर! आम्ही शेजाऱ्यांचे समाधान केले खरे. पण ते गेल्यावर आमचेच समाधान होईना. संख्येला रंग कोण नेमून देतो, आणि एकदा नेमलेला रंग बदलायचा झाल्यास काय काय घडते, याचा शोध घ्यावा असे वाटले. त्या शोधात जी हकीकत हाती आली ती गेल्या काही वर्षांतलीच आहे. जगभरच्या शास्त्रज्ञांचे आलेख ज्या संगणकीय साधनांतून निघतात, त्या साधनांनी आपले रंग कसे बदलले याची ही हकीकत.

पंगतीला बसल्यावर पानात मीठ, लिंबू आणि चटणी कोणी मागत नाही. ती वाढलेलीच असतात, आणि बहुतेक जेवणारे ती आहेत तिथे, आहेत तशी स्वीकारतात. संगणकाच्या क्षेत्रात अशा न मागता वाढलेल्या गोष्टीला 'डिफॉल्ट' म्हणतात. शास्त्रज्ञ आपली मोजमापे यंत्राला देतो व चित्र काढ म्हणतो. रंग कोणते घ्यायचे हे सांगत नाही. यंत्र ठरलेले रंग देते. मागून दुसरे रंग घेण्याची मुभा असते. पण मिठाची जागा बदलून मागणारा जेवणारा जितका विरळा, तितकाच असा शास्त्रज्ञही विरळा. त्यामुळे डिफॉल्ट ठरवणारा मनुष्य, मग तो कोठे का बसलेला असेना, हजारो निबंधांतील चित्रे एका फटक्यात रंगवून टाकीत असतो.

हे रंग पुष्कळ वर्षे इंद्रधनुष्याचे होते. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने 'तानापिहिनिपाजा' घोकलेले आहे: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. हे सात रंग आपण निसर्गाचे मानतो. पण सात हा आकडा न्यूटनचा आहे. त्याने आरंभी पाचच मुख्य रंग धरले होते. संगीताच्या सप्तकाशी मेळ बसावा म्हणून पुढे नारिंगी आणि पारवा घातले. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'ऑप्टिक्स' ग्रंथाने ते सात रंग जगाच्या अंगवळणी पडले. प्रत्यक्ष धनुष्यात सीमा कोठेच नाहीत. सीमा आपल्या डोळ्याच्या आणि आपल्या शब्दांच्या. आमच्याकडच्या लुगड्यांच्या रंगांत मोरपंखी, अंजिरी, अबोली, आमसुली, चिंतामणी अशी नावे होती. लुगड्याच्या दुकानात बसून न्यूटनने ग्रंथ लिहिला असता तर सातावर त्याचे भागले नसते. असो.

संगणकापूर्वीचे नकाशेकार या बाबतीत अधिक शहाणे होते असे म्हणावेसे वाटते. १८२६ साली फ्रान्समध्ये शार्ल द्युपँ याने आपल्या देशातील शिक्षणाचा प्रसार दाखवणारा नकाशा काढला. त्यात जेथे शिक्षण कमी तेथे छटा गडद, जेथे अधिक तेथे फिकी. एकच शाई, आणि तिची कमीजास्त दाटी. लहान मुलालाही उलगडा व्हावा असा तो प्रकार आहे. उंचसखलपणा रंगांनी दाखवण्याची पद्धत त्याच शतकात रूढ झाली. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशातली सखल भागाची हिरवळ आणि डोंगरांचा तपकिरी रंग त्याच घराण्यातले. या पद्धतीत एक खोड आहे. मुले हिरव्याचा अर्थ झाडी असा घेतात. आमचे कोकण सखलही आहे आणि झाडीचेही आहे, म्हणून आमच्या मुलांचा घोटाळा उघडकीस येत नाही; कच्छचे रण त्याच नकाशात हिरवे पाहिल्यावर मात्र तो कळतो.

पुढे संगणकाच्या पडद्यावर रंग आले आणि नकाशेकारांचा हा संयम सुटला. ज्या पडद्याला लक्षावधी रंग दाखवता येतात, त्याने एकाच शाईवर का थांबावे? संख्येला रंग देण्याची एक पट्टी त्या काळात फार लोकप्रिय झाली. तिचे नाव 'जेट'. अमेरिकेतील इलिनॉय येथील राष्ट्रीय महासंगणक केंद्रात अवकाशातून फेकल्या जाणाऱ्या द्रवझोतांची गणिते मांडत असताना ती वापरली गेली. झोताला इंग्रजीत जेट म्हणतात, त्यावरून ते नाव. गर्द निळ्यापासून आरंभ, मग निळा, आकाशी, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल आणि शेवटी काळपट लाल. 'मॅटलॅब' या इंजिनियर मंडळींच्या अतिशय आवडत्या साधनात तीच पट्टी डिफॉल्ट होऊन बसली. धरणाच्या भिंतीवरील ताण असो, समुद्राचे तापमान असो, की मेंदूतील विद्युत्प्रवाह असो, सर्वांची चित्रे याच निळ्या-पिवळ्या-लाल वेषात छापली जाऊ लागली. दिसायला ती देखणी. निधी देणाऱ्या समितीपुढे मांडली की समिती खूश!

दोष कोठे होता तो नीट पाहिला पाहिजे, कारण सर्व वादाचे मर्म तेथे आहे. रंगाला नाव असते आणि रंगाला उजेड असतो. तांबडा, पिवळा, निळा ही नावे झाली. तोच निळा गडद आहे की फिका आहे, हा उजेड झाला. आपला डोळा 'हा पदार्थ कोणता' हे नावावरून ओळखतो, पण 'अधिक की उणे' हे मुख्यतः उजेडावरून ठरवतो. पहाटे सह्याद्रीच्या रांगांकडे पाहावे. जवळची रांग गडद, तिच्यामागची फिकट, तिच्यामागची आणखी फिकट. अंतराचा क्रम डोळ्याला आपोआप कळतो. पण तांबडा मोठा की हिरवा मोठा, या प्रश्नाला डोळ्यापाशी उत्तर नाही. ते घोकावे लागते.

आता जेटची पट्टी उजेडाच्या दृष्टीने तपासा. आरंभी गडद निळा, म्हणजे अंधार. मध्यावर आकाशी आणि पिवळा, म्हणजे लख्ख उजेड. शेवटी काळपट लाल, म्हणजे पुन्हा अंधार. संख्या एकसारखी वाढत जाते आणि उजेड मात्र घाट चढून पलीकडे उतरतो! अशी चित्रे साध्या काळ्या-पांढऱ्या छपाईत काढली की सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या जवळजवळ एकाच करड्या रंगात येतात. आम्हांस याचा अनुभव आहे. एका कार्यालयाने पाठवलेल्या पावसाच्या रंगीत नकाशाची झेरॉक्स आम्ही एकदा शाळकरी मुलांना वाटली होती. सर्वांत ओला भाग आणि सर्वांत कोरडा भाग तिच्यात सारखेच काळे आले होते, आणि अर्धा तास मुलांशी बोलून झाल्यावर ते आमच्या लक्षात आले. दुसरा दोष याहून फसवा. जेथे आकाशी किंवा पिवळा रंग येतो तेथे डोळ्याला अचानक एक कडा दिसते, जणू तेथे काही सीमा आहे. प्रत्यक्ष मोजमापात तशी सीमा नसते. उलट, हिरव्याच्या लांब पट्ट्यात खरोखरचे चढउतार असले तरी ते झाकून जातात. नसलेले दिसावे आणि असलेले दिसू नये, असा हा न्याय.

हे कोणालाच कळले नव्हते असे नाही. १९९६ साली बर्निस रोगोविट्झ आणि लॉइड ट्रेनिश या आयबीएममधील दोघा संशोधकांनी इंजिनियर व शास्त्रज्ञांनी रंगाची काळजी का करावी या मथळ्याचा निबंध लिहून ही गोष्ट स्पष्ट मांडली. अकरा वर्षांनी, २००७ मध्ये, बोरलँड आणि टेलर यांनी पुन्हा तेच गाऱ्हाणे मांडले, आणि मथळ्यातच 'अजूनही' हा शब्द घातला. त्यांनी मोजून पाहिले तेव्हा चित्रांकनाच्या शास्त्राला वाहिलेल्या परिषदेतील निबंधांतही, जेथे म्हणून असे रंग वापरले होते, त्यांतल्या सुमारे निम्म्या ठिकाणी इंद्रधनुष्यच होते. वैद्याच्याच घरी पथ्य नाही, त्यातली गत! २०११ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात मिशेल बॉर्किन व तिच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची चित्रे वैद्यकातील मंडळींना तपासायला दिली, काही इंद्रधनुष्यी रंगांत, काही उजेडाच्या क्रमाने लावलेल्या रंगांत. दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत धोक्याच्या जागा अधिक अचूक सापडल्या. रोग तोच, तपासणारे तसेच, आणि फरक रंगांचा. हा प्रयोग वाचल्यापासून रंगांची निवड हा केवळ रुचीचा प्रश्न आहे असे म्हणणाऱ्याशी आम्ही वाद घालीत नाही. त्याला हा प्रयोग सांगतो.

मग बदल झाला तो असा. २०१४ मध्ये मॅटलॅबने जेटला डिफॉल्टच्या आसनावरून उतरवले आणि 'परुला' नावाची पट्टी बसवली. परुला हा अमेरिकेतील एक चिमुकला पक्षी. निळा, हिरवट आणि पिवळा असे त्याचे रंग, आणि पट्टीही त्याच क्रमाने गडदाकडून फिक्याकडे जाणारी. पण मॅटलॅब विकत घ्यावे लागते आणि परुला त्या कंपनीची मालमत्ता. तोवर जगातील पुष्कळसे संशोधक 'पायथन' या फुकट मिळणाऱ्या संगणकभाषेकडे वळले होते, आणि त्या भाषेत आलेख काढण्याचे प्रमुख साधन होते 'मॅटप्लॉटलिब'.

या मॅटप्लॉटलिबचा कर्ता जॉन हंटर. तो मेंदूचा अभ्यासक. अपस्माराच्या रोग्यांच्या मेंदूतील विद्युत्संदेश तपासण्यासाठी त्याला मॅटलॅबसारखे साधन हवे होते. ते त्याने स्वतः रचले आणि २००३ साली सर्वांना खुले केले. मॅटलॅबच्या सवयी असणाऱ्यांना परके वाटू नये म्हणून त्याने तेथील रिवाज उचलले, आणि त्या रिवाजांबरोबर जेटही आला. नव्या घरात सामान हलवताना जुन्या घरातली ढेकणेही येतात, त्यातलाच प्रकार! हंटर २०१२ मध्ये ऐन चव्वेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याच्या पश्चात हे साधन स्वयंसेवकांच्या मंडळींनी सांभाळले, आणि रंगांचा प्रश्न त्यांनीच धसास लावला.

स्टेफान व्हान डर वाल्ट आणि नॅथनियल स्मिथ या दोघांनी २०१५ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन येथे भरलेल्या परिषदेत आपली योजना मांडली. त्यांची रीत आम्हांस फार पसंत पडली. डोळ्याला कोणते दोन रंग किती अंतरावर वाटतात, याची गणिते रंगविज्ञानाने तयार करून ठेवलेली आहेत. त्यांच्या आधारे त्यांनी अशा पट्ट्या आखल्या, की संख्येचे एक पाऊल पडले की रंगाचेही डोळ्याला जाणवणारे एकच पाऊल पडावे, ना कमी ना जास्त. चार उमेदवार पट्ट्या लोकांपुढे ठेवल्या. त्यांना आधी नावेदेखील दिली नव्हती. अ, ब, क, ड एवढीच खूण. कौल चौथीला मिळाला. तिच्या जुळणीत समुद्रशास्त्रज्ञ एरिक फायरिंग यांचाही हात होता. गर्द जांभळा, निळा, हिरवा आणि शेवटी उजळ पिवळा अशी ती चढत जाते. तिचे नाव 'विरिडिस', म्हणजे लॅटिन भाषेत हिरवा. जानेवारी २०१७ मध्ये मॅटप्लॉटलिबची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा विरिडिस गादीवर बसली. त्याच आवृत्तीत रेषांचे रंगही बदलले. पूर्वी निळी, हिरवी, लाल, आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा भडक रेषा मिळत, आणि पांढऱ्या कागदावरची पिवळी रेष वाचणाऱ्याने अंदाजाने समजून घ्यायची! आता दहा सौम्य रंगांची माळ आली. संख्याशास्त्राच्या 'आर' या भाषेनेही २०२० साली आपल्या चौथ्या आवृत्तीत असाच फेरबदल केला.

हे सर्व गोडीगुलाबीने झाले असे समजू नये. ज्यांची वीस वर्षे जेटवर गेली, त्यांना नवी चित्रे मिणमिणीत वाटली. आणि त्यांचा एक आक्षेप वजनदार होता. जुन्या निबंधातले चित्र आणि नवे चित्र शेजारी ठेवून ताडायचे, तर रंग वेगळे झाल्यावर ताडायचे कसे? डोळ्याला लागलेली सवय हेदेखील एक मापन-साधन आहे. ते फेकून देताना हानी होतेच. म्हणूनच मॅटप्लॉटलिबवाल्यांनी जुनी धाटणी 'क्लासिक' या नावाने जपून ठेवली आणि एका ओळीच्या आज्ञेत ती परत मिळेल अशी सोय केली. गादीवरून उतरवले, गावातून काढले नाही. पुढे २०१९ मध्ये गूगलमधील एका अभियंत्याने 'टर्बो' नावाचे सुधारलेले इंद्रधनुष्यही पुढे आणले. जेटच्या खोट्या कडा त्यात पुष्कळ कमी केलेल्या आहेत. माणसाची इंद्रधनुष्याची हौस सहजी फिटणारी नाही.

या बदलामागे आणखी एक पक्षकार होता, आणि तो बहुधा गप्प असतो. तांबडा आणि हिरवा ज्यांना वेगळे दिसत नाहीत, अशी माणसे उत्तर युरोपातील वंशांत दर बारा पुरुषांमागे सुमारे एक आढळतात. इतर वंशांत प्रमाण काहीसे कमी, पण थोडे नाही. स्त्रियांत फारच कमी. अणुसिद्धांताचा जनक जॉन डाल्टन हा अशांपैकी एक. १७९४ साली त्याने मँचेस्टरच्या विद्वत्सभेत स्वतःच्या दृष्टीविषयी निबंध वाचला. इतरांना गुलाबी दिसणारे एक फूल त्याला दिवसा आकाशी आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडे दिसे. आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा असा त्याचा तर्क होता, आणि मृत्यूनंतर डोळे तपासून पाहावेत अशी त्याने व्यवस्था केली. १८४४ मध्ये तो वारल्यावर तपासणी झाली. द्रव स्वच्छ निघाला, तर्क चुकला. पण डोळे जपून ठेवले होते. १९९५ साली त्यांतील आनुवंशिक द्रव्याची परीक्षा झाली तेव्हा हिरव्या भागाची जाणीव देणारा घटकच त्याच्या ठायी नव्हता असे सिद्ध झाले. दीडशे वर्षांनी का होईना, शास्त्रज्ञाच्या शंकेचे निरसन झाले! रेल्वेने चालकांची रंगपरीक्षा फार पूर्वीपासून घेतली, कारण तेथे चूक झाली की गाड्या आदळतात. आलेख वाचणाऱ्यांचा विचार मात्र कोणी केला नव्हता. विरिडिसमध्ये तांबड्याला जागाच नाही, आणि क्रम उजेडावर बांधलेला असल्याने डाल्टनलाही ती वाचता आली असती.

या घडामोडी परदेशात झाल्या. आपला त्यांच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' वेधशाळांनी गुरुत्वीय लहरींचा पहिला वेध घेतला आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी तो जाहीर झाला. त्या शोधाच्या मूळ निबंधात जांभळ्या-निळ्या काळोखातून वर चढत जाणारी एक पिवळी कमान आहे. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकजीव होताना त्यांचा सूर कसा चढला ते ती दाखवते. ते रंग विरिडिसचे. नवी पट्टी तयार होऊन पुरते वर्षही झाले नव्हते, आणि शतकातले एक मोठे चित्र तिने रंगवले. या शोधाच्या गणितात पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांचा कित्येक वर्षांचा वाटा आहे. गोंगाटातून तो क्षीण सूर वेगळा कसा काढावा, यावर त्यांनी वेधशाळा उभ्या राहण्याच्याही आधीपासून काम केले. आणि अशीच एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिलेली आहे. अवकाशाचा जो थरकाप रंगांत उतरवायचा, तो पुढे मराठवाड्याच्या भूमीतही टिपला जाईल.

थरकापाचा विषय निघाला की कोयनेच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवल्याशिवाय राहत नाही. त्या भूकंपापूर्वी दख्खनचे पठार नकाशावर निर्धास्त रंगात होते. १९७० साली भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारला गेला, तेव्हा कोयनेचा परिसर चौथ्या विभागात गेला. डोंगर तेच, घरे तीच. नकाशावरचा रंग पालटला, आणि त्याबरोबर इमारतीत लोखंड किती घालायचे याचे हिशोब पालटले. हा पालट पट्टीच्या सोयीसाठी केलेला नव्हता. येथे ज्ञानच पालटले होते. रंग बदलला असे ऐकले की या दोहोंपैकी कोणती गोष्ट घडली ते आधी विचारावे. २०१३ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या हवामानखात्याने तापमानाच्या नकाशात जांभळी नि गुलाबी छटा वाढवून पट्टी चोपन्न अंशांपर्यंत नेली, कारण जुनी पट्टी पन्नासावर संपत होती आणि अंदाज तिच्यापलीकडे जाऊ पाहत होता. तेथे उन्हाळाच पट्टीबाहेर गेला होता.

राहता राहिला आमच्या शेजाऱ्यांचा प्रश्न. पावसाच्या हिशोबाच्या नकाशात लाल आणि पिवळा यांची अदलाबदल करावी, म्हणजे तूट वाढेल तसा रंग गडद होईल आणि इशाऱ्याच्या नकाशाशीही मेळ बसेल, असे आमचे मत आहे. पण जे जुने नकाशे दप्तरांत आणि पुस्तकांत पडलेले आहेत, त्यांतला लाल कसा वाचायचा, हा प्रश्न मग पुढच्या पिढीच्या ओटीवर येऊन बसेल; मॅटप्लॉटलिबवाल्यांसारखी एका ओळीत जुनी धाटणी परत आणण्याची सोय कागदावर नसते. निदान बदलाचे साल नकाशाच्या कोपऱ्यात ठळक छापावे लागेल. हे सर्व आम्ही शेजाऱ्यांना समजावून दिले. ते आता नकाशा उघडला की प्रथम मथळा वाचतात, मग खालची रंगांची किल्ली वाचतात, आणि तरीही कोठे पिवळे दिसले की कुंपणाजवळ येऊन आम्हांस हाक मारतातच.